एकच पालक आणायचा

बाजारात त्याला सगळे पालेवाला म्हणत, कारण त्याच्या गाळ्यावर पाल्याशिवाय काही म्हणजे काही मिळत नसे. कांदा नाही, बटाटा नाही, शोभेला ठेवलेलं एखादं लिंबूसुद्धा नाही. नुसती हिरवी पानं, आणि त्यांच्यामागे उभा असलेला हा लांबुडका, ओल्या बाह्यांचा, कमी बोलणारा माणूस. शेजारचा बटाटेवाला रोज त्याची फिरकी घ्यायचा. "अरे, पानं कसली विकतोस? संध्याकाळी माना टाकतात. बटाटा बघ, महिनाभर हूं की चूं करत नाही." पालेवाला हसायचा आणि जुड्यांवर पाणी मारायचा. त्याच्याकडे उत्तर नव्हतं असं नाही, पण उत्तर सुचून ओठांवर येईपर्यंत बटाटेवाल्याची तीन गिऱ्हाइकं होऊन जायची.

एकाच विषयावर मात्र त्याची जीभ सुटे. कुणी नुसतं "पालक द्या" म्हटलं की त्याचा जीव कासावीस व्हायचा. कुठला पालक? गुळगुळीत पानाचा, जो एका पाण्यात स्वच्छ होतो? की सुरकुतलेल्या पानाचा, जो चवीला भरदार, पण घडीघडीत रेती लपवून बसतो? की बोटाएवढ्या पानांचा कोवळा, जो शिजवणं म्हणजे त्याचा अपमान? गिऱ्हाईक बिचारं घड्याळाकडे बघत "कुठलाही द्या हो" म्हणायचं, आणि हा असा चेहरा करायचा की जणू कुणी डॉक्टरकडे जाऊन "कुठलंही औषध द्या" म्हणालं असावं.

पानांची एवढी पारख असलेल्या या माणसाने, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर लग्न केलं. बायको बेकरीत कामाला. उजाडायच्या आत भट्टीपाशी हजर, दुपारी मोकळी, आणि रात्री जेवण झालं की बसल्या जागी झोप. तिला आधीची एक मुलगी होती. मुलीचे वडील ती रांगत होती तेव्हाच वारले, त्यामुळे ती त्यांना फोटोतूनच ओळखायची. मुलगी आता दुसरीत होती, समोरचा एक दात पडलेला होता, आणि तिची आई तिला ठिणगी म्हणायची. का म्हणायची ते घरात तासभर बसलं की कळायचं.

तर या ठिणगीपुढे नव्या माणसाला हाक कशी मारायची हा मोठाच पेच होता. आईला ती 'तू' म्हणायची. शेजाऱ्यापाजाऱ्यांना 'तुम्ही'. आता याला काय म्हणायचं? 'तू' म्हणावं तर तो आईच्या रांगेत जाऊन बसणार. 'तुम्ही' म्हणावं तर आई डोळे वटारणार, कारण घरातल्या माणसाला शेजारी कसं करायचं? काका म्हणावं तर तो काका नव्हता, आणि बाबा तर फोटोत होते. पोरगी हुशार. तिने मधली वाट काढली. ती त्याच्याशी बोलायची, पण वाक्यात त्याला येऊच द्यायची नाही. "पाणी मिळालं तर बरं होईल." "दार उघडावं लागेल." "चपला वाटेत आहेत." मीठ हवं असलं की म्हणायची, "इकडे मीठ नाहीये." एखाद्या सरकारी खात्यालाही जमणार नाही अशा सफाईने तिने त्या घरातून समोरचा माणूस वगळून टाकला होता.

पालेवाल्याला ते कळत नव्हतं असं थोडंच आहे? कळत होतं, आणि लागतही होतं. पण त्याने कधी तोंडातून शब्द काढला नाही. पाणी द्यायचा, दार उघडायचा, चपला बाजूला करायचा. एक दिवस ही आपल्याला काहीतरी म्हणेल, एवढ्याच आशेवर तो होता. काय म्हणेल ते चालणार होतं.

आणि मग एका संध्याकाळी, आई झोपलेली, हा उद्याच्या जुड्या बांधायची दोरी कापत बसलेला, तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली. हात पाठीमागे. नजर दोरीवर.

"उद्या शाळेत पालक आणायचाय," ती म्हणाली.

पालेवाल्याच्या हातातली कात्री थांबली. पोरीने आपणहून काहीतरी मागितलं होतं, आणि मागितलं होतं तेही काय! त्याच्या हातातली गोष्ट!

"किती?" त्याने विचारलं.

"एकच. बाई म्हणाल्या, प्रत्येकाने एकच आणायचा. वर्गात जागा नाहीये."

"कोवळा चालेल?"

तिने त्याच्याकडे विचित्र नजरेने बघितलं. "कोवळा कसा चालेल? मोठाच लागतो."

"बरं बरं. मोठा." त्याला भलताच हुरूप आला. "धुऊन की तसाच?"

तिने त्याच्या नखांकडे बघितलं, ओल्या बाह्यांकडे बघितलं. "धुऊन. मातीबिती नको."

"पण पालकात प्रकार पुष्कळ असतात. तुला नेमका कुठला हवा?"

ठिणगी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "घरात आहे तोच."

"छे! घरातला शिळा झालाय," पालेवाला उत्साहाने म्हणाला. "मी ताजा बघतो ना."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग "दहा वाजता," एवढं बोलून झोपायला निघून गेली. आणि हा पठ्ठ्या मनातल्या मनात शीळ घालत दोरी कापत बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने गाळ्यावरची प्रत्येक जुडी हातात घेऊन पाहिली. शेवटी एक निवडली, रुंद गुळगुळीत पानांची, एकालाही भोक नाही, देठ कसे सरळ. ती इतक्या पाण्यांतून काढली की बटाटेवाला म्हणाला, "आता तिला पावडर लाव." ओल्या फडक्यात गुंडाळून, दहाच्या आत तो शाळेच्या फाटकावर पोचला. रखवालदाराच्या हातात जुडी दिली, ठिणगीचं नाव सांगितलं, आणि गाळा उघडा पडलाय म्हणून धावत परतला. आयुष्यात एवढं समाधान त्याला फार वेळा मिळालं नव्हतं.

ते समाधान दुपारपर्यंत टिकलं. दुपारी बेकरीतून सुटलेली बायको थेट गाळ्यावर आली, केसांत पीठ, चेहऱ्यावर कौतुक. "मग? काय काय सांगितलंत मुलांना?"

"कुठल्या मुलांना?"

"अहो, शाळेतल्या. सगळ्यांचे आईवडील आपापल्या कामाबद्दल सांगणार होते ना आज? मला तर सुट्टी मिळेना. म्हटलं, त्यांना विचार. परवापासून घोकत होती पोरगी, कसं विचारू, कसं विचारू. काल विचारलंन म्हणाली."

"माझ्याकडे तिने पालक मागितला," पालेवाला म्हणाला. "मी दिला नेऊन. फाटकावर."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. मग जुड्यांकडे बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडे. तिच्या डोक्यात प्रकाश पडला तो त्याच्याही डोक्यात पडला, आणि मागे बटाटेवाल्याच्या हातातलं वजन दाणकन टोपलीत पडलं, म्हणजे त्याच्याही पडला असावा.

"मोठाच लागतो म्हणाली," पालेवाला पुटपुटला. "घरात आहे तोच म्हणाली." आणि मग त्याला आपण काय उत्तर दिलं होतं ते आठवलं, आणि तो टोपलीच्या काठावर मटकन बसला.

आधी त्याला आनंद झाला, हे खरंच सांगायला हवं. तिने आपल्याला बोलावलं होतं! आपल्याला! आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ लाजही आली. जन्मभर पालकातला पालक ओळखणारा माणूस, आणि ऐन वेळी त्याला पालक कळला नाही.

बाकीची हकिकत बायकोने शाळेतून आणली. रखवालदाराने वर्गाच्या दारात जाऊन आरोळी ठोकली होती, "ठिणगी, तुझा पालक आलाय!" ती उड्या मारत बाहेर गेली होती. परत आली ती जुडी घेऊन. बाई समजूतदार, त्यांनी काही विचारलं नाही, जुडी रिकाम्या खुर्चीवर ठेवू दिली. एका बाजूला घड्याळं दुरुस्त करणारा, दुसऱ्या बाजूला बसची ड्रायव्हर, आणि मधे पालकाची जुडी. ठिणगीची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझा पालक बोलत नाही," आणि खाली बसली. वर्ग हसला. ती हसली नाही.

संध्याकाळी पालेवाला जेवायला आला तर त्याच्या खुर्चीवर जुडी बसलेली. बायको तोंडाला पदर नव्हता म्हणून हाताने झाकून हसू दाबत होती. ठिणगी ताटात बघून जेवत होती. पालेवाल्याला जुडी उचलायचा धीर झाला नाही. तो बिचारा भिंतीला टेकून उभ्या उभ्याच जेवला.

रात्री तो तिच्या दारापाशी गेला. "ऐक ना," म्हणाला. पुढचं वाक्य त्याने बाजारातून येताना वाटभर जुळवलं होतं, पण ते वाटेतच कुठेतरी पडलं असावं. आतून आवाज आला, "झोप येते आहे." त्यात झोप कुणाला येते आहे तेही सांगितलेलं नव्हतं.

तोंडाने जमत नाही म्हटल्यावर माणूस हाताशी असेल ते वापरतो. सकाळी त्याने तिच्या डब्यात, झाकणाच्या अगदी खाली, सगळ्यात आधी दिसेल असा, चुक्याची दोन पानं ठेवली. चुका. त्याच्या दृष्टीने याहून स्पष्ट काय असणार? माझ्या झाल्या त्या चुका. स्वतःच्या कल्पनेवर तो इतका खूश झाला की बटाटेवाल्यालाही सांगून बसला.

शाळा सुटल्यावर ठिणगी बाजारात आली. आजवर ती गाळ्यावर कधी आली नव्हती. दप्तर पाठीवर, डबा हातात, नाकाचा शेंडा लाल. तिने डबा उघडला आणि ती दोन पानं त्याच्या तराजूत आपटली.

"परत पालक?" डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत. "एकदा हसले ते पुरे नाही झालं? परत पालक?"

हा विचार पालेवाल्याच्या मनाला शिवलाच नव्हता. सगळ्या जगाला पालक आणि चुका वेगळे दिसत नाहीत, हे तो साफ विसरला होता.

"पालक नाही तो," तो घाईघाईने म्हणाला. "बघ ना, फिकट आहे. पान गुबगुबीत आहे. पालक कसा गडद असतो, लांबट असतो. हा पालक नाही गं. चुका आहे."

"कुणाच्या?"

"माझ्या," पालेवाला म्हणाला.

बटाटेवाल्याने तोंड फिरवलं. ठिणगी पानांकडे बघत राहिली. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तिने तो जागच्या जागी दाबून धरला.

"हे खरंच नाव आहे?"

"खरंच. खाऊन बघ. थोडासाच, कोपऱ्यावर."

तिने पानाचा कोपरा चावला, आणि तिचं सगळं तोंड एका बिंदूत गोळा झालं. "आंबट!"

"तेच तर. आंबट लागला तर चुका. नाही लागला तर पालक."

तिने दप्तर उतरवून टोपलीवर ठेवलं. हे पालेवाल्याने पाहिलं, आणि आपण पाहिलं हे तिला कळू नये म्हणून तो उगीच जुड्या सरळ करू लागला. तिने लाल देठाच्या एका जुडीवर बोट ठेवलं. "हा कोणता?"

"माठ."

"हाही खरंच?" आता तो ओठ काही तिला आवरेना. तिने जुडीतलं एक पान खुडलं आणि गंभीरपणे त्याच्या सदऱ्याच्या खिशात, कडेला दिसेल असं खोचलं. "हे इथेच राहावं," ती म्हणाली. पालेवाल्याने ते गाळा बंद होईपर्यंत तिथेच ठेवलं. गिऱ्हाइकं विचारत, आणि तो छाती पुढे काढून सांगे, "माठ."

मग तिने जमिनीलगत पसरणारी, इवल्याशा जाड पानांची भाजी पाहिली, तिचं नाव घोळ हे ऐकलं आणि "म्हणजे काल झाला तो!" म्हणून टाळी वाजवली. शेवटी वर टांगलेल्या वेलाशी ती थांबली. पानं जाड, तुकतुकीत, देठ जांभळट.

"ह्याला मायाळू म्हणतात," पालेवाला म्हणाला. "काही लोक वेलीचा पालक म्हणतात."

"म्हणजे खोटा पालक."

"खोटा नाही. जात वेगळी आहे." तो जरा थांबला. "कडक उन्हात पालक टिकत नाही. तेव्हा लोक हा नेतात. काम तेच करतो तो. आता, पालकाची बरोबरी करतो असं नाही म्हणत मी."

ठिणगीने त्या पानाला बोट लावलं आणि काढलं. मग दप्तर उचलून "उशीर झाला," म्हणाली आणि निघून गेली.

पण त्या दिवसापासून घरात पानांची ये-जा सुरू झाली. संध्याकाळी उरलेल्या भाज्यांची टोपली तो घरी आणायचा, त्यातून ती निवडायची. तो तिला घ्यायला उशिरा पोचला की सकाळी त्याच्या बुटात माठ. त्याने तिच्या दोन मोज्यांच्या जोड्या उलटसुलट केल्या तेव्हा त्याने स्वतःच तिच्या उशीवर घोळ ठेवली. एकदा तिने त्याची टोपी नेऊन हरवली. दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यावर पान आलं, आणि ते होतं चक्क पालकाचं. त्याने ते दोनदा उलटंपालटं करून पाहिलं. पण ती दारातून अपराधी चेहऱ्याने बघत होती, तेव्हा तो समजला की तिला चुकाच म्हणायचं होतं. त्याने हसून सांगितलं, "डोळ्यांना कळेना झालं तर दाताला विचारायचं." ती ओशाळली. बोलणं मात्र अजून तसंच होतं, "पाणी मिळालं तर बरं होईल." पानांनी बरंच काही सांगितलं, पण त्याला वाक्यात जागा काही मिळाली नाही.

आणि मग बायकोने बातमी आणली. ज्यांचे पालक त्या दिवशी येऊ शकले नव्हते, त्यांच्यासाठी बाईंनी शुक्रवारी पुन्हा वेळ ठेवली होती. "मी सांगितलं असं दाखवू नका," ती म्हणाली. "ती विचारेल. तिला विचारू द्या."

पालेवाल्याने नवा सदरा इस्त्री करून ठेवला. नखं ब्रशने घासून घासून बोटं लाल केली. सोमवार गेला, मंगळवार गेला. ठिणगी मीठ नाहीये म्हणाली, दार उघडावं लागेल म्हणाली. शाळेचं अवाक्षर नाही. वर गुरुवारी तिच्या हातून त्याचा चहाचा मोठा कप फुटला. तिने तुकडे कपाटामागे लपवले, ते त्याला दिसले, त्याने ते तसेच राहू दिले. रात्री त्याने सदरा पुन्हा घडी करून ठेवून दिला. एकदा बोलावलं तेव्हा जुडी पाठवली, आता परत कोण बोलावतंय? त्याला स्वतःचाच राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी गाळ्यावर त्याने डबा उघडला. झाकणाखाली एक पान होतं. गडद, लांबट, गुळगुळीत. पालक.

पालक! पण लगेच दुसरा विचार आला. काल कप फुटला होता. म्हणजे हा चुका असणार. टोपीच्या वेळी नाही का असंच झालं होतं? कपाबद्दल माफी मागितलीय पोरीने, आणि पान नेहमीसारखं चुकलंय. आपण उगाच सदरा चढवून जायचो, आणि ती वर्गात बसून म्हणायची, याला कुणी बोलावलं होतं? एकदा तिचं हसं झालं, पुन्हा व्हायचं. त्याने डबा मिटला. परत उघडला. मेथी मागणाऱ्याला शेपू दिला, शेपू मागणाऱ्याला काहीच न देता "या" म्हणाला.

"अरे, कसलं पान घेऊन बसलायस?" बटाटेवाला ओरडला.

"पालक आहे की चुका, ते कळत नाही."

बटाटेवाला बघतच राहिला. "तुला? तुला कळत नाही?"

"मला कळतंय रे. तिला कळलं होतं का, ते कळत नाही."

बटाटेवाला उठून आला, पान हातात घेतलं, उजेडात धरलं. "किडलेलं दिसतंय," तो म्हणाला. "कोपरा खाल्लाय किड्याने."

पालेवाल्याने पान हिसकावून घेतलं. कोपरा गेलेला होता खरा. पण किडा असा अर्धवर्तुळ खात नाही. बारीक, नीट, ओळीने उमटलेले दात होते ते, आणि बरोब्बर मधे एका दाताएवढी जागा सुटलेली होती.

तिने चावून बघितलं होतं. आंबट लागत नाही याची खात्री करून मग ठेवलं होतं.

पुढे काय झालं ते बटाटेवाला अजून सांगतो. म्हणे, त्याने तराजू तसाच लोंबकळता सोडला, "गाळा बघ" हेही धड पुरं बोलला नाही, आणि जाता जाता पाण्याच्या बादलीत कोपरापर्यंत हात बुचकळून, दोन्ही हात वर धरून धावत सुटला. सदरा घरीच राहिला. बुटांना माती होती.

फाटकावर रखवालदाराने त्याला ओळखलं. त्याच्या ओल्या, रिकाम्या हातांकडे बघितलं. "आज जुडी नाही?"

पालेवाल्याला धाप लागली होती. त्याने नुसतं छातीवर बोट ठेवलं.

रखवालदार समजला. त्याने वरच्या खिडकीकडे तोंड करून, साऱ्या शाळेला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "ठिणगी! तुझा पालक आलाय!"

खिडकीत डोकं दिसलं. एकदा फसलेली पोर, ती थोडीच लगेच उड्या मारत येणार? तिने गजांना धरून खाली वाकून ओरडून विचारलं, "कुठला?"

आणि आयुष्यात पहिल्यांदाच पालेवाल्याचं उत्तर वेळेवर ओठांवर आलं.

"घरात आहे तोच!"

खिडकीतलं तोंड क्षणभर तसंच राहिलं, आणि मग त्यात ती पडलेल्या दाताची जागा दिसली.

"मग ये ना वर!" ती ओरडली. "तू केवढा उशीर करतोस!"